टाइल्सची फरशी: काळी माती, खारं पाणी आणि सांधे

सिरॅमिक टाइलच्या वरच्या चकचकीत थराला माती-पाण्यानं सहसा काही होत नाही. फरशी बिघडते ती सांध्यांतून. म्हणून जपायचे ते सांधे.

पावसाळ्यात वावरातून पायाला चिकटून आलेली काळी माती ओल्या पोछ्यानं पुसायला जाऊ नका. ती पाण्यानं फुगते, पसरते आणि सांध्यात जाऊन बसते. वाळू द्या, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, मग फडा मारा. दाराबाहेर तरटाचं पोतं टाकलं तर निम्मं काम वाचतं.

पुसायला दोन बादल्या घ्या. एकीत 10 लिटर कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड एक चमचा, दुसरीत पोछा खंगाळायला साधं पाणी. फिनाइल असो की साबण, जास्त टाकला की चिकट थर उरतो आणि त्यावर पावलं उमटतात. खोली बदलली की पाणी बदला.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी वाळून जातं, क्षार फरशीवर राहतात. त्यामुळे पुसल्या-पुसल्या सुकं फडकं फिरवायलाच हवं. नुसती पांढरी झाक असेल तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं निघते. नळाखाली, मोरीजवळ धरलेला खरखरीत थर मात्र चुन्याचा असतो. त्याला एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी. आधी सांधे साध्या पाण्यानं भिजवा, म्हणजे आंबट पाणी ते कमी पितात. पाच मिनिटांनी घासून भरपूर पाण्यानं धुवा.

संडासचं ॲसिड फरशीवर ओतायची सवय गावोगावी आहे. एकदा चकाकी येते खरी, पण सांध्यातलं सिमेंट विरघळतं, फटीतून पाणी खाली झिरपतं आणि टाइल सुटते. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर तर कधीच नको. क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत जीवावर बेततं.

काळवंडलेल्या सांध्यांना तीन चमचे खाण्याचा सोडा, एक चमचा पाणी. लेप दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशनं घासा. तारेची घासणी टाइलवर चरे पाडते. चुलीजवळचा तेलकटपणा गरम पाणी आणि लिक्विडनं सुटतो. सांडलेलं कुंकू आधी कोरडंच उचला.

लोखंडी खाटेच्या पायांना रबरी बूच लावा. युरियाची पोती फरशीवर थेट ठेवू नका, ओल धरतात. खाली लाकडी फळ्या हव्या.

नाण्यानं ठोकल्यावर भद्द आवाज आला तर टाइल खालून पोकळ आहे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे हे इथं होतंच. अशा पोकळ टाइलवर कोठी ठेवू नका, मिस्त्रीकडून काढून पुन्हा बसवून घ्या. सांधाच उकरला असेल तर घरीही भरता येतो: सैल माल 2-3 मिलिमीटर खरवडा, धूळ झाडा, तयार ग्राउट (सांधे भरायचा माल) दाबून भरा. 15-20 मिनिटांनी ओल्या स्पंजनं तिरकं पुसा; सांध्याच्या रेषेत पुसलं तर भरलेला माल बाहेर येतो. पुढचे 24 तास तिथं पाणी नको.