डॅक घेताना आणि जोडताना या चुका टाळा

नवा डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी डबी, लावला आणि आवाज होता तसाच राहिला, किंवा उलट बिघडला, तर दोष बहुतेक वेळा त्या डबीच्या आत सापडत नाही. तो चुकीच्या सॉकेटमध्ये, टीव्हीच्या सेटिंगमध्ये, घराच्या अर्थिंगमध्ये किंवा खोलीतच असतो. फाइलमधल्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करायची, एवढंच डॅकचं काम. आज मध्यम किमतीचे बरेच डॅक ते चोख करतात. म्हणून मी ज्याला त्याला हेच सांगतो की आधी घरातली जोडणी नीट बघा, मग डॅक निवडा.

चिपच्या नावावर भाळणं

ईएसएस, एकेएम, बर-ब्राउन ही डॅकमधल्या चिपची नावं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. पण एकच चिप बसवलेले दोन डॅक वेगळे वागू शकतात, कारण चिपनंतरचं अ‍ॅनालॉग सर्किट आणि वीजपुरवठा प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने करते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि चिप मिळेनाशा झाल्या. तेव्हा आरएमईसारख्या नावाजलेल्या कंपनीने आपला एडीआय-२ डॅक ईएसएसच्या चिपवर नव्याने बांधला. त्याची कीर्ती काही कमी झाली नाही. नाव चिपचं बघू नका, बांधणी करणाऱ्याचं बघा.

आकड्यांचंही तसंच. सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आणि २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज. माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही आणि वयानुसार त्याच्याही बराच खाली येतो. गायक अमीर खाँसाहेब १९७४ मध्ये गेले. त्यांचं जे ध्वनिमुद्रण आपण इंदूरकर जिवापाड जपतो त्यातलं बरंचसं टेपवरचं, मोनो. त्या टेपची सरसर १६ बिटच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. ७६८ किलोहर्ट्झचा डॅक तिथे नवं काही काढून देणार नाही. एमक्यूए नावाच्या फाइल फॉरमॅटसाठी जादा पैसे तर मुळीच मोजू नका. तो काढणारी कंपनी २०२३ मध्ये डबघाईला आली आणि टायडल या स्ट्रीमिंग सेवेने २०२४ मध्ये तो फॉरमॅट काढून टाकला.

आवाजाची पातळी न जुळवता तुलना करणं

बहुतेक डॅक २ व्होल्ट देतात. बॅलन्स्ड जोडणीतून ४ व्होल्ट मिळतात, म्हणजे ६ डेसिबल जास्त. किंचित मोठा आवाज कानाला 'अधिक स्वच्छ' वाटतो आणि माणूस तेवढ्यावर खरेदी करून मोकळा होतो. तुलना करायची तर ४०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, अ‍ॅम्प्लिफायर हळू ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजा. दोन्ही डॅकचं माप १ टक्क्याच्या आत जुळलं की मग ऐका. कोणता डॅक चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका, स्विच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. एवढं केल्यावर फरक ऐकू आला तर तो खरा.

हम आला की डॅकला दोष देणं

हम म्हणजे स्पीकरमधून येणारी विजेची सलग 'घूं'. तिच्यासाठी डॅकला दोष देण्याची चूक सगळ्यात जास्त होते आणि शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला तिचाच त्रास सर्वाधिक होतो. विलंबित झूमरा तालात मात्रांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे तानपुरा असतो. आपल्या विजेचा हम ५० आणि १०० हर्ट्झवर येतो, आणि मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज त्याच टापूत. हम काही तानपुऱ्याशी जुळवलेला नसतो. त्यामुळे अगदी बारीक 'घूं'सुद्धा सूर बिघडवतो. पाश्चात्त्य रॉक ऐकणाऱ्याला तो कदाचित कळणारही नाही.

कारण शोधण्याचा क्रम सोपा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हम गेला, तर चार्जर किंवा ग्राउंड लूप (दोन वेगळ्या ग्राउंडमधून फिरणारा प्रवाह) दोषी आहे. नाही गेला, तर टीव्हीची केबल काढून बघा, कारण केबलवाल्याच्या वायरीतूनही वेगळं ग्राउंड घरात येतं. मग लॅपटॉप, डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. तरीही राहिला तर डॅकला ऑप्टिकल वायरीने जोडा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो. लॅपटॉपला ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो.

इंदूरच्या रामबाग किंवा राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेच्या मागे अर्थिंगच नाही, असं असू शकतं. डॅकच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. त्या पिनेवर जीव अवलंबून असतो.

चुकीचं सॉकेट, चुकीचं सेटिंग

डॅक अ‍ॅम्प्लिफायरच्या 'फोनो' सॉकेटमध्ये लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि खर्ज मुद्दाम वाढवतं. तिथे २ व्होल्ट गेले की आवाज फाटतो आणि घुमतो. 'सीडी', 'ऑक्स' किंवा 'टेप'मध्ये लावा.

टीव्हीला डॅक जोडला आणि आवाजच नाही? टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. डॉल्बीचा प्रवाह साध्या डॅकला उलगडत नाही.

हेडफोनचंही काम करणाऱ्या डॅकमध्ये आउटपुट 'फिक्स्ड' (ठरावीक पातळीचं) आहे का ते बघा. नाहीतर आवाजाचे दोन कान पिळले जातात, एक डॅकचा आणि एक अ‍ॅम्प्लिफायरचा, आणि कोणता किती पिळला हे विसरून स्पीकर धोक्यात येतात.

ब्लूटूथवर आवाज पाठवण्याच्या पद्धतींपैकी एसबीसी सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातं, एलडॅक ९९० पर्यंत. डॅकवर एलडॅकचा शिक्का बघून पैसे देत असाल आणि फोन आयफोन असेल तर तो शिक्का निरुपयोगी, कारण आयफोनमध्ये एलडॅक नाही. घरात बसून ऐकायचं तर वायरच लावा.

खोली विसरणं

उघड्या टाइल्स, मोकळ्या भिंती आणि काचेची कपाटं असलेल्या बैठकीत तान ऐकली तर ती एकमेकांत मिसळूनच येणार. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीपासून थोडे पुढे आणलेले स्पीकर, यांनी जो फरक पडतो तो महागड्या डॅकने पडत नाही. नवा डॅक घेण्याआधी एक संध्याकाळ यावर घालवा.

दुकानात जाण्याआधी

जेल रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचा आणि टीव्हीच्या मागचा फोटो काढून ठेवा. टीव्हीला फक्त ऑप्टिकल असेल तर डॅकलाही ते हवंच. कोअ‍ॅक्सियल जोडणीसाठी वेगळी महाग वायर लागत नाही, जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर ७५ ओमचीच असते. वडिलांच्या काळातल्या अ‍ॅम्प्लिफायरला गोल, पाच पिनांचं डिन सॉकेट असेल तर तोही चालतो, टाकू नका. तयार वायर मिळाली नाही तर सोल्डरिंग करणाऱ्याकडून करून घ्या. त्याला एवढंच सांगा: 'टेप'च्या सॉकेटला डावा चॅनल पिन ३ वर, उजवा ५ वर आणि ग्राउंड २ वर.