मोडीचा रुमाल कॅमेऱ्याखाली

रुमाल, म्हणजे जुन्या मोडी कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे, सोडण्याआधी त्याचा फोटो घ्या. गाठ, वरची चिठ्ठी, मग उघडल्यावर कागद जसे होते तसे. एकदा क्रम विस्कटला की कोणते पत्र कोणाचे उत्तर, हे पुन्हा जुळवणे फार अवघड. प्रत्येक कागदाला मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक द्या. पेन आणि सेलोटेप त्या खोलीत आणूच नका.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झटका. मोडीची शाई बहुधा काजळीची असते, ओले फडके लागले की पसरते. एकमेकांना चिकटलेले कागद ओढू नका, वेगळे ठेवून संवर्धकाकडे द्या.

कागद ओढून घेणारा स्कॅनर इथे चालत नाही. कॅमेरा स्टँडवर सरळ खाली रोखा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ५००० केल्विनचे दिवे लावा. स्वस्त एलईडीने फोटोत आडवे पट्टे येतात, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/२५ वर नेले की पट्टे जातात. आयएसओ १००, एफ/८. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात (६०००×४०००) इंचाला ४०० पिक्सेल ठेवले तर चौकटीत १५×१० इंच मावतात. लांब, जोडलेले पत्र तुकड्यातुकड्याने घ्या, पाव भाग पुन्हा येईल असे. कागद पातळ असेल तर मागची अक्षरे पुढे उमटतात. खाली काळा कार्ड पेपर घाला. कडेला मोजपट्टी आणि रंगपट्टी हवीच.

आणि पाठ! कोरी दिसली तरी घ्या. जोडाच्या पाठीवर शिक्का सापडतो, आणि पत्र अस्सल की नक्कल ठरवताना तो लागतो.

मूळ प्रत टिफमध्ये (प्रत्येकी सुमारे ७२ एमबी), लोकांसाठी जेपेग किंवा पीडीएफ. फाइलचे नाव आकड्यांत: ०१२-०४५-२, म्हणजे बारावा रुमाल, पंचेचाळिसावा कागद, पाठ. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का, हे ओळखायचा संगणकी आकडा) नोंदवा आणि वर्षातून एकदा पडताळा.

छापील मजकुरासारखा मोडीत शोध घेता येत नाही, म्हणून खरी मेहनत सूचीची. कोणी, कोणाला, कुठून, विषय दोन ओळींत. तारीख आधी मुळात आहे तशीच उतरवा: ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांतली अरबी अंकनावांची कालगणना) ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७०-७१. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून महिना न पाहता इसवी सन लिहिणाऱ्याचे एक वर्ष चुकू शकते.