जुन्या वळणाच्या आरपीजीत नव्या क्लासचा एक्सपी तक्ता कसा बसवावा

१९८१ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या आरपीजीच्या (पात्रे साकारण्याच्या खेळाच्या) बेसिक आणि एक्स्पर्ट नियमांत प्रत्येक क्लासचा, म्हणजे पात्राच्या प्रकाराचा, तक्ता वेगळा आहे: दुसरी लेव्हल गाठण्यासाठी थीफला १,२००, क्लेरिकला १,५००, फायटरला २,०००, मॅजिक-यूझरला २,५०० आणि एल्फला तब्बल ४,००० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. म्हणून स्वतः रचलेला क्लास जोखताना दोन पात्रे समान लेव्हलला ठेवून पाहण्यात अर्थ नाही; ती समान एक्सपीला ठेवावीत, कारण मोहिमेनंतर समान वाटले जातात ते एक्सपी.

त्यासाठी २०,००० एक्सपीचा टप्पा सोयीचा आहे. तेथे थीफ सहाव्या लेव्हलला असतो, फायटर, क्लेरिक व मॅजिक-यूझर पाचव्या आणि एल्फ चौथ्या. दर लेव्हलला एक फासा या हिशेबाने थीफचे चार बाजूंचे सहा फासे सरासरी १५ हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) देतात, तर फायटरचे आठ बाजूंचे पाच फासे साडेबावीस; म्हणजे लेव्हलने पुढे असूनही थीफ मार सोसण्यात मागेच राहतो. मॅजिक-यूझर साडेबारावरच अडतो, पण नेमक्या याच लेव्हलला फायरबॉल हा आगीचा मंत्र त्याच्या आवाक्यात येतो. आपला क्लास याच रांगेत उभा करावा आणि त्याच्यामुळे फायटर निरुपयोगी वाटू लागतो का, हे तपासावे.

तक्त्यासाठी फायटरचे २,००० हा पाया धरून पुढील आकडे आठव्या-नवव्या लेव्हलपर्यंत साधारण दुप्पट करत न्यावेत. मात्र या दुपटीमुळेच एक्सपी वाढवणे हा लंगडा उपाय ठरतो: सगळे आकडे दुप्पट केले तरी क्लास एकाच लेव्हलने मागे पडतो. एखादी शक्ती फारच जड वाटत असेल तर ती उशिरा द्यावी. क्लेरिकला पहिल्या लेव्हलला एकही मंत्र मिळत नाही, आणि माझ्या मते त्या नियमांतील ही सर्वांत शहाणी तरतूद आहे.

नवव्या लेव्हलनंतर दुप्पट थांबते, फायटरला दर लेव्हलला १,२०,००० लागतात आणि अंतर साचू लागते; एल्फ ६,००,००० एक्सपीला दहाव्या, म्हणजे त्याच्या अखेरच्या लेव्हलला पोहोचतो, तेव्हा फायटर बाराव्या लेव्हलला असतो. मोहीम इतकी लांबणार नसेल, तर या वरच्या ओळींवर डोके शिणवू नये.