गुहागरला दुर्बिणीच्या भिंगावर दव साचायचं, त्यावर लागू पडलेला उपाय

लक्षण असं: रात्र चढली की ताऱ्यांभोवती वलय दिसतं, मृगातला तेजोमेघ (एम ४२) फिका होत दिसेनासा होतो. फोकस फिरवून फरक पडत नाही. रेखाटनाचा कागदही ओलसर.

भिंग पुसलं, दुर्बीण घरात नेऊन आणली. दव परत हजर. अर्धवट चित्र सोडून उठताना फार जीव तुटायचा.

मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडत भिंग हवेपेक्षाही थंड होतं, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत ते दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन साचते त्याच्या खाली) लवकर जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा. संधिप्रकाशातच दुर्बीण झाकणासकट बाहेर मांडा. काळ्या योगा मॅटची नळी करून वेल्क्रोने बसवा; १०० मिमीच्या भिंगापुढे ती १५ ते २० सेंमी यायला हवी. मग भिंगाच्या कड्याभोवती बाहेरून १२ व्होल्टची हीटर पट्टी, अगदी मंद, दव पडायच्या आधीच सुरू. झाकण शेवटी काढा. नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) खिशात, कागद घट्ट डब्यात. एका वेळी एकच नेत्रिका, एकच कागद बाहेर.

फेब्रुवारीत पहाटे दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ वर आला तेव्हाही भिंग कोरडं होतं. त्याच्या कडेचे सुटे तारे ठिपक्यांनी निवांत उतरवले!

वारा सुटला तर नळी शिडासारखी हलते. तिवई बुटकी ठेवा.