भाऊ परत मिळवण्यासाठी: मतभेद ख्रिस्ती रीतीने कसे हाताळावेत

ख्रिस्ती माणसांमध्ये काही बिनसले की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. माणूस गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यालाच क्षमा म्हणू लागतो. नाहीतर ज्याच्याशी बिनसले आहे तो एक सोडून बाकी सर्वांशी त्याविषयी बोलत राहतो. प्रभू येशूने सांगितलेला मार्ग या दोन्हींहून वेगळा आणि दोन्हींहून अवघड आहे. त्या माणसाकडे स्वतः जायचे, आणि आधी एकट्यानेच जायचे, असा तो मार्ग आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ही गोष्ट दोन ठिकाणी येते. पाचव्या अध्यायात (5:23-24) माणूस वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहे आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे त्याला आठवते. तेव्हा अर्पण तेथेच ठेवून त्याने आधी समेट करायला जावे, असे येशू सांगतो. अठराव्या अध्यायात (18:15) भावाने आपला अपराध केला आहे, आणि तेथेही आपणच त्याच्याकडे जायचे आहे. ही दोन वचने शेजारी ठेवून वाचली की ‘चूक त्याची आहे, त्यानेच आधी यावे’ असे म्हणायला जागा उरत नाही. दुखावलेल्यानेही निघायचे आणि दुखावणाऱ्यानेही. दोघेही निघाले, तर त्यांची भेट वाटेतच होईल.

जाण्यापूर्वी

प्रत्येक गोष्टीसाठी जावे लागत नाही. अपराधाची गय करणे हे माणसाला भूषण आहे, असे नीतिसूत्रे सांगतात (19:11). थकलेल्या माणसाचा चढलेला आवाज, द्यायचे राहून गेलेले आमंत्रण, घाईत निघालेला एखादा शब्द, हे सोडून देता येते आणि सोडून द्यावेच. मात्र खरोखर सोडून दिले की नुसते दडपले, हे तपासण्याची एक साधी खूण आहे. तो माणूस समोरून येताना दिसल्यावर मी वाट बदलत असेन, किंवा प्रार्थनेला बसल्यावर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मनात येत असेल, तर मी गय केलेली नाही आणि मला जायला हवे.

जायचे ठरले की आधी स्वतःकडे पाहावे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ हे वचन आपण इतके ऐकलेले असते की त्याचा शेवट लक्षात राहत नाही. येशू कुसळ तसेच राहू दे, असे म्हणत नाही. आधी मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यास तुला स्पष्ट दिसेल, असे तो म्हणतो (मत्तय 7:5). आत्मपरीक्षणाचा हेतू दुसऱ्याची चूक झाकण्याचा नसून नीट दिसण्याचा आहे. यासाठी एक कागद घ्यावा आणि काय घडले ते एका वाक्यात लिहावे. त्या वाक्यात विशेषण नसावे आणि समोरच्याच्या हेतूविषयी काही नसावे. ‘त्याने मुद्दाम माझा अपमान केला’ हे चालणार नाही. ‘बैठकीत माझे बोलणे पूर्ण होण्याआधी त्याने विषय बदलला’ हे चालेल. त्याखाली, या प्रसंगात मी स्वतः काय केले किंवा काय करायचे टाळले, तेही एका वाक्यात लिहावे. तिसरे वाक्य सर्वांत कठीण असते: मला हवे होते आणि मिळाले नाही, असे काय होते? आपल्यातील लढाया व भांडणे कोठून येतात, असा प्रश्न याकोब विचारतो आणि उत्तरासाठी आपल्याच अंतःकरणातील वासनांकडे बोट दाखवतो (4:1-2). हे तिसरे वाक्य लिहिताना माझा हात अनेकदा थांबला आहे, कारण मी ज्याला तत्त्वाचा प्रश्न म्हणत होतो तो पुष्कळदा मानाचा प्रश्न निघाला.

सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, असे पौल इफिसकरांस लिहितो (4:26). याचा अर्थ वाद त्याच रात्री मिटलाच पाहिजे, असा मी घेत नाही. दमलेल्या दोन माणसांनी रात्री उशिरा काढलेला विषय सकाळपेक्षा जास्तच बिघडतो. राग मनात मुक्कामाला ठेवू नये, एवढे मात्र त्यात नक्की आहे, कारण लगेच पुढे पौल सैतानाला वाव देऊ नका असे म्हणतो. रात्री त्या माणसासाठी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. ‘प्रभू, त्याला त्याची चूक दाखव’ ही प्रार्थना येथे पुरेशी नाही. त्याच्या घरासाठी, कामासाठी, आरोग्यासाठी मागावे. ज्याचे भले आपण मनापासून मागितले आहे, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कठोरपणे बोलणे जड जाते.

आणि तोपर्यंत कोणालाही सांगू नये. मंडळीत कुजबुज सहसा कुजबुजीच्या नावाने येत नाही. ‘प्रार्थनेचा विषय म्हणून सांगतो आहे’ असे म्हणत ती येते. एकदा एका सहकाऱ्याविषयीची तक्रार मी याच नावाखाली चौघांना सांगितली आणि मग त्याच्याकडे गेलो. मी पोहोचण्याआधी माझे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचले होते. मूळ तक्रार दहा मिनिटांत मिटली. त्या चौघांची गोष्ट मिटायला पुष्कळ महिने लागले. सल्ल्याची खरोखर गरज असेल, तर तोंडाने पक्क्या अशा एकाच प्रौढ विश्वासणाऱ्याकडे जावे, शक्यतो नाव न सांगता बोलावे, आणि ‘मी कसे बोलू?’ एवढेच विचारावे.

एकान्तात

भेट समोरासमोर व्हावी. लिहिलेल्या संदेशाला आवाज नसतो. वाचणारा त्याला आपल्या मनातला आवाज देतो आणि दुखावलेल्या मनातला आवाज कठोर असतो. अंतर फार असेल तर फोनवर बोलावे. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये तर हा विषय कधीच काढू नये, कारण तेथे माणूस भावाशी न बोलता बघ्यांशी बोलू लागतो. आधी वेळ मागून घ्यावी: ‘परवाच्या बैठकीविषयी तुमच्याशी दोघांतच बोलायचे आहे, तुम्हाला कधी सोयीचे होईल?’ विषय सांगितला की समोरच्याला धाक वाटत नाही आणि त्यालाही विचार करायला अवधी मिळतो.

बोलण्याचा आरंभ कागदावरच्या पहिल्या वाक्याने करावा आणि लगेच त्याची बाजू विचारावी. ‘त्या दिवशी माझे बोलणे मध्येच थांबले, त्याचे मला वाईट वाटले. तुमच्या मनात तेव्हा काय होते ते मला समजून घ्यायचे आहे.’ त्यानंतर खरोखर गप्प बसावे. वादात पहिल्याने बाजू मांडणारा खरा वाटतो, पण मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, असे नीतिसूत्रे सांगतात (18:17). आपल्या मनातल्या न्यायालयात आपण आजवर एकच साक्षीदार ऐकलेला असतो, आणि तो आपण स्वतः असतो. त्याचे बोलून झाले की आपल्याला काय समजले ते आपल्या शब्दांत त्याला सांगावे आणि ‘मला बरोबर समजले का?’ असे विचारावे. तो होय म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. ऐकण्यास तत्पर, बोलण्यास मंद, रागास मंद (याकोब 1:19), हा क्रम पाळला तर निम्मी भांडणे येथेच ढिली पडतात, कारण पुष्कळदा कोणी कोणाचा अपराध केलेलाच नसतो.

‘तुम्ही नेहमीच असे करता’ हे वाक्य टाळावे. एका प्रसंगाविषयी बोलायला आलेला माणूस ‘नेहमी’ म्हणाला की समोरच्याला आपल्या साऱ्या आयुष्याचा बचाव करावा लागतो. पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला (गलती 2:11-14), तोही एका ठरावीक वागण्याबद्दल: याकोबाकडची माणसे आल्यावर पेत्राने परराष्ट्रीयांबरोबर जेवणे सोडले होते. चारचौघांत बोलण्यासाठी या प्रसंगाचा आधार घेतला जातो. पण पेत्राची ती कृती उघड होती आणि तिने इतरांनाही ओढले होते, हे विसरू नये. खासगी अपराध खासगीतच दाखवायचा असतो. पवित्र शास्त्रातील वचने समोरच्यावर फेकू नयेत, हेही येथेच सांगायला हवे. ज्या वचनाने मला आधी वाकवले नाही, ते मी दुसऱ्यापुढे काठीसारखे धरू नये.

काही वाद अपराधाचे नसून व्यवस्थेचे असतात, आणि तेथे क्षमेवर प्रवचन देणे हा समोरच्यावर अन्याय होतो. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत, रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती (प्रेषितांची कृत्ये 6:1-6). प्रेषितांनी त्यांना ‘कुरकुर करू नका’ असे सांगितले नाही. त्यांनी लोकांना सात माणसे निवडायला लावून ते काम त्यांच्याकडे सोपवले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा होत होती, त्यांच्याशी जवळीक असलेल्यांच्या हाती वाटणी गेली, असे मला त्यावरून दिसते. पैसा, जबाबदारी, वेळ किंवा जागा यांवरून वारंवार खटके उडत असतील, तर आधी व्यवस्था बदलून पाहावी. कधी आपला हक्क सोडावा लागतो. अब्राम वडीलधारा असूनही त्याने लोटाला आधी जमीन निवडू दिली (उत्पत्ती 13), कारण गुराख्यांची रोजची भांडणे त्याला नको होती.

चूक आपली असेल तेव्हा

‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर क्षमा करा’ या वाक्यात आपली चूक कोठेच नाही; त्यात फक्त समोरच्याचे वाईट वाटणे आहे. काय केले ते नाव घेऊन सांगावे: ‘मी तुमच्याविषयी खोटे बोललो. ते चुकीचे होते.’ त्यापुढे ‘पण’ जोडू नये. उधळ्या पुत्राने घरी निघण्यापूर्वीच आपले शब्द ठरवले होते आणि त्यांत कारणे नव्हती (लूक 15:18-19). नुकसान झाले असेल तर ते भरून द्यावे. जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे येशूसमोर उभे राहून सांगितले (लूक 19:8). खोटे ज्यांच्या कानी घातले असेल, त्यांच्याकडे पुन्हा जाऊन खरे सांगणे हीसुद्धा परतफेडच आहे, आणि पैसे परत करण्यापेक्षा ती महाग पडते. मग क्षमा मागावी आणि उत्तरासाठी घाई करू नये. समोरच्याने त्याच क्षणी ‘जाऊ द्या’ म्हणावे, ही अपेक्षा म्हणजे नवे ओझे आहे.

दोघांत जमले नाही तर

आता एक किंवा दोन माणसे बरोबर न्यावीत (मत्तय 18:16). ती आपल्या बाजूची नसावीत. दोघांनाही मान्य असणारी आणि आपलीही चूक तोंडावर सांगू शकणारी असावीत. मध्यस्थी करणाऱ्याने पौलाची भाषा पाहावी. फिलिप्पै येथे युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचे पटत नव्हते. पौल विनंतीचे क्रियापद दोनदा लिहितो, एकदा एकीसाठी आणि एकदा दुसरीसाठी, आणि वादाचा विषय काय होता याचा उल्लेखही करत नाही. मात्र दोघींनी सुवार्तेसाठी आपल्याबरोबर श्रम केले, हे तो नोंदवतो (4:2-3). त्यानंतरही उपयोग झाला नाही, तर मंडळीला सांगायचे. म्हणजे पाळक आणि वडीलजनांपुढे विषय ठेवायचा. उपासनेच्या शेवटी उभे राहून जाहीर करणे, असा त्याचा अर्थ नाही.

जेथे एकट्याने जाऊ नये

मारहाण, लैंगिक अत्याचार, धमक्या, मुलांना होणारा त्रास, यांना ‘मतभेद’ म्हणू नये. पीडित व्यक्तीला ‘आधी एकट्याने जाऊन बोल’ असे सांगणे हा मत्तय 18 चा गैरवापर आहे. तेथे आधी सुरक्षित जागा, मग पोलीस आणि कायदा, हाच क्रम योग्य आहे; अधिकारी देवाने नेमलेले आहेत, असे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे अन्यायाविषयी तोंड न उघडणे नव्हे. प्रमुख याजकापुढे कामदाराने चपराक मारली, तेव्हा मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे येशूने त्याला विचारले (योहान 18:23).

क्षमा आणि विश्वास

कितीदा क्षमा करावी, या पेत्राच्या प्रश्नाला उत्तर देताना येशूने दोन कर्जांचा दाखला सांगितला. राजाने पहिल्या दासाला माफ केलेले देणे दहा हजार तालंत होते. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे हे देणे सुमारे 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. त्याच दासाने मात्र ज्याला सोडले नाही, त्या दुसऱ्या दासाचे त्याला असलेले देणे 100 दिनार होते. हे 100 दिनार क्षुल्लक नव्हते. ती तीन महिन्यांहून अधिक काळाची कमाई होती. तुमची जखम किरकोळ आहे, असे येशू म्हणत नाही. आपल्याला माफ झालेल्या देण्याशेजारी ती ठेवून पाहा, एवढेच तो सांगतो. ‘मला क्षमा करणे जमत नाही’ असे वाटते तेव्हा इच्छाशक्तीवर जोर देण्यापेक्षा हा हिशेब शांतपणे पुन्हा मांडणे मला अधिक उपयोगी पडले आहे.

क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघे लागतात. आणि विश्वास हळूहळू पुन्हा उभा राहतो. एन-गेदीच्या गुहेत, आपल्या जिवावर उठलेला राजा शौल हाती सापडला असताना दाविदाने त्याला मारले नाही. शौल रडला, दाविदाला आपल्यापेक्षा नीतिमान म्हणाला आणि घरी गेला. पण दावीद त्याच्याबरोबर गेला नाही, तो आपल्या माणसांसह गडावर गेला (1 शमुवेल 24). सूड सोडूनही अंतर राखता येते.

समोरचा माणूस भेटच नाकारत असेल, तर शक्य असेल तितके, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा, ही पौलाची मर्यादा (रोम 12:18) लक्षात ठेवावी. एकदा स्पष्ट निरोप द्यावा: ‘तुम्हाला वाटेल तेव्हा मी बोलायला तयार आहे.’ त्यानंतर मागे लागू नये. दिसल्यावर नमस्कार करणे, त्याच्या दुःखाच्या प्रसंगी जाणे, त्याचे नाव निघाल्यावर वाईट न बोलणे, हे चालू ठेवावे. योहान मार्क या सहकाऱ्याला बरोबर न्यावे की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढा तीव्र वाद झाला की ते वेगवेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये 15:39). पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना, मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, असे त्याच पौलाने लिहिले (2 तीमथ्य 4:11). या दोन वचनांच्या मध्ये पुष्कळ वर्षे गेली होती.