संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाचे शीर्षक आणि वर्णन शोधासाठी कसे लिहावे

गूगलवर शोध घेणाऱ्या ग्राहकाला आधी दिसते ते पानाचे शीर्षक आणि त्याखालच्या दोन ओळींचे वर्णन. कोल्हापुरात चप्पल, गूळ किंवा साज विकणाऱ्याने संकेतस्थळावर फोटो कितीही देखणे लावले, तरी या ओळींत नुसते ‘होम’ असेल तर ग्राहक पुढच्या दुकानाकडे वळतो.

प्रथम संकेतस्थळावरील पानांची यादी करावी आणि प्रत्येक पान नेमके कशाविषयी आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. दोन पानांसाठी एकच वाक्य येत असेल, तर आधी ती पाने एकत्र करावीत. संकेतस्थळ बनवण्यासाठी वर्डप्रेस ही प्रणाली वापरत असल्यास योस्ट किंवा रँक मॅथ यांपैकी एकच प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) बसवावे. पान संपादित करताना शीर्षक आणि मेटा वर्णनाचे (म्हणजे शोधात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनाचे) रकाने त्यातच मिळतात.

खरे कष्ट शीर्षकाला लागतात. ‘उत्पादने – दुकानाचे नाव’ याऐवजी ‘पुरुषांसाठी हाताने शिवलेली कापशी चप्पल – दुकानाचे नाव, कोल्हापूर’ असे लिहावे, म्हणजे वस्तू आधी येते आणि लांबीमुळे शीर्षक कापले गेले तरी कामाचा भाग शिल्लक राहतो. अक्षरांची ठरावीक मर्यादा नाही, कापणी पडद्यावरील रुंदीनुसार होते. म्हणून मोबाइलवर स्वतः शोधून पाहावे. ग्राहक रोमन लिपीतही शोधतात, पण त्यासाठी एकाच शीर्षकात दोन्ही लिप्या कोंबू नयेत. इंग्रजी पान वेगळे करावे.

वर्णनामुळे शोधाच्या निकालांतील क्रमवारी वाढत नाही, मात्र ते वाचून ग्राहक क्लिक करतो. ‘बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, हातशिलाई, सर्व मापे, घरपोच सेवा’ एवढे पुरे, आणि त्यातले जे तुमच्या मालाला लागू नाही ते गाळावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातील मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) मिळाले असून त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे येतात. माल तिथला नसेल तर मानांकनाचा उल्लेख करणे ही सरळ फसवणूक ठरते. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी, क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे, त्यामुळे ती जुनी यादी भरून घेण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवताना दिसणारे चित्र प्लगइनमधील ओपन ग्राफच्या (दुव्यासोबत दिसणाऱ्या चित्र-मजकुराच्या) रकान्यात द्यावे. १२०० बाय ६३० पिक्सेलचे चित्र चालते. वर्डप्रेसच्या वाचन सेटिंग्जमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करणारी खूण राहिली नाही ना, हेही पाहावे, कारण ती असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

शेवटी सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनामध्ये पानाचा पत्ता तपासून पुन्हा नोंदणीची विनंती करावी. बदल दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. गूगलने शीर्षक स्वतःच बदलून दाखवले, तर पानावरील मुख्य मथळा आणि तुम्ही लिहिलेले शीर्षक जुळते का ते पाहावे; बऱ्याचदा फरक तिथेच सापडतो.