आधी पारायण, मग निरूपण: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ऑनलाइन कसं शिकावं

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्यातली गाणी सरळ गाळली होती. तिरक्या अक्षरांतल्या ओळी दिसल्या की पान उलटायचं. रिव्हेंडेलला म्हातारा बिल्बो इआरेंडिल नावाच्या दर्यावर्दीवर एक लांबलचक गाणं म्हणतो, तेही असंच गेलं. काही वर्षांनी ऑनलाइन वर्गात बसले, तर एक अख्खा तास त्याच गाण्यावर. तेव्हा कळलं, की एका जुन्या इंग्रजी धार्मिक काव्यात भेटलेल्या 'एआरेंडेल' या शब्दाने या ग्रंथाचा लेखक टोल्किन याला झपाटलं होतं. 1914 साली त्याने त्यावर कविता लिहिली आणि त्याचं पुढचं सगळं कल्पित विश्व त्या कवितेच्या आसपास वाढत गेलं. मी गाळलं होतं ते नेमकं बी.

आपल्याकडे पोथीचं पारायण वेगळं आणि निरूपण वेगळं. पारायणात थांबायचं नसतं, निरूपणात पुढे जायची घाई नसते. ऑनलाइन कोर्सला नाव घालणारे बरेच जण दोन्ही एकदम करायला जातात, आणि तिसऱ्या आठवड्यात मागे पडतात. म्हणून पहिली पायरी कोर्सच्याही आधीची आहे.

पारायण उरकून घ्या

सुरुवात 'द हॉबिट'पासून करा. 1937 सालचं हे पुस्तक लहान मुलांसाठी लिहिलेलं आहे आणि आठवड्यात संपतं. बिल्बोला जादूची अंगठी सापडते ते त्याचं पाचवं प्रकरण, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत. मग मुख्य ग्रंथ, ती अंगठी आगीत नष्ट करायला निघालेल्या बिल्बोच्या वारसाची, फ्रोडोची गोष्ट: 1954 आणि 1955 या दोन वर्षांत आलेले तीन खंड, आत सहा भाग, एकूण 62 प्रकरणं. रोज एक प्रकरण धरलं तर दोन महिने. एल्रॉन्डच्या सभेचं प्रकरण एका दिवसात होणार नाही, त्याला दोन द्या. परिशिष्टं आत्ता सोडा. 'सिल्मरिलियन' तर आधी मुळीच नको. टोल्किनच्या मृत्यूनंतर, 1977 साली, त्याच्या मुलाने संपादून काढलेलं ते पुस्तक आहे. आधी तेच हातात घेऊन टोल्किन कायमचा बाजूला ठेवलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

इंग्रजी जड वाटत असेल तर मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने केलेला मराठी अनुवाद घ्या. पारायण त्यातून खुशाल करा. निरूपणाला मात्र मूळ इंग्रजी समोर लागतं, कारण वर्गात चर्चा शब्दांवर चालते.

आणि सिनेमा पाहिलेला असेल तर तो बाजूला ठेवायला शिका. पुस्तकात बिल्बोच्या वाढदिवसानंतर फ्रोडो घर सोडतो तो सतरा वर्षांनी, वयाच्या पन्नाशीत. सिनेमातला फारामिर हा सेनानी फ्रोडोला पकडून शहराकडे नेतो, पुस्तकातला अंगठीचा मोह तिथल्या तिथे नाकारतो. वर्गात हमखास कुणीतरी सिनेमातला प्रसंग पुस्तकातला म्हणून सांगतं. एकदा ती मीच होते.

कोर्स निवडताना

ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात. पहिला, रेकॉर्ड केलेली फुकट व्याख्यानं. कोरी ओल्सन हे मध्ययुगीन साहित्याचे अमेरिकन प्राध्यापक 'टोल्किन प्रोफेसर' या नावाने 2009 पासून पॉडकास्ट करतात. चव घ्यायला तिथून सुरुवात करणं उत्तम. 2017 मध्ये त्यांनी या कादंबरीचं ओळीओळीने वाचन सुरू केलं, आणि त्यात एखाद्या बैठकीत पानभरही मजकूर पुढे सरकत नाही. दुसरा प्रकार म्हणजे जिवंत ऑनलाइन वर्ग. ओल्सन यांनीच स्थापन केलेल्या सिग्नम विद्यापीठात असे वर्ग भरतात. तिसरा, एखाद्या नेहमीच्या विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाने ऑनलाइन ठेवलेला श्रेयांकाचा (क्रेडिटचा) कोर्स. तो महाग असतो आणि पदवीला जोडून घ्यायचा असेल तरच परवडतो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. कुठल्या आठवड्यात कुठली प्रकरणं, याचं वेळापत्रक आधी मिळतं का? तासांचं रेकॉर्डिंग नंतर पाहता येतं का? आणि तुम्ही लिहिलेलं कोण वाचणार? तिसऱ्याला उत्तर 'कुणी नाही' असेल तर फुकटची व्याख्यानं ऐकलेली बरी. शुल्क डॉलरमध्ये असेल तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावा लागतो. नव्या कार्डांवर तो बंदच असतो. रुपयात किती पडेल याचा हिशेब करताना बँकेचा विनिमय अधिभारही धरा.

घड्याळाचं एक सांगून ठेवते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा रात्री साडेनऊचा वर्ग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला असतो. नोकरदारांना ही वेळ फार सोयीची. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात आणि तोच वर्ग आपल्याला आठला पडतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा सात. मी एका नोव्हेंबरात सातला लॉग-इन करून रिकाम्या पडद्यासमोर चहा संपवला आणि सगळ्यांनी वर्ग बुडवला म्हणून मनात चरफडत राहिले.

प्रत आणि वही

प्रत शक्यतो 2004 च्या पन्नासाव्या वर्धापनाच्या आवृत्तीवरून छापलेली घ्या. वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल यांनी तिच्यात जुन्या छपाईच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. संदर्भ देताना पान क्रमांक न देता भाग आणि प्रकरण द्या, कारण पानं प्रत्येक प्रतीत वेगळी. इथे गंमत अशी, की 'पुस्तक दुसरं' (म्हणजे दुसरा भाग) म्हटलं तर ते पहिल्या खंडातच असतं. सहा भाग आणि तीन खंड यांचा हा घोळ पहिल्याच दिवशी वहीच्या आतल्या पानावर लिहून टाका.

जोडीला ई-बुक असेल तर शब्द शोधता येतात. एखादा शब्द ग्रंथात कुठे कुठे येतो हे पाच मिनिटांत कळतं आणि निबंधाचे निम्मे विषय तिथेच सापडतात.

वहीत सगळ्यात उपयोगी पडतो तो तारखांचा तक्ता. दुसऱ्या खंडात टोल्किन कथा दुभंगतो: आधी अॅरागॉर्न, जादूगार गँडाल्फ आणि मंडळी, मग सलग फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम. कोणती घटना कोणत्या दिवशी, हे परिशिष्ट 'ब' मध्ये आहे. दोन रकाने आखा आणि भरत जा. 5 मार्चला गँडाल्फ फितूर जादूगार सारुमानच्या मनोऱ्याखाली उभा आहे, त्याच दिवशी फ्रोडो शत्रू सॉरॉनच्या मॉर्डॉर राज्याच्या काळ्या फाटकासमोर लपलेला आहे. 13 मार्चला फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो. 14 ला सॅम त्याला सोडवतो. 25 मार्चला त्याच फाटकापाशी सॉरॉनचा दूत फ्रोडोचा चिलखती सदरा गँडाल्फला दाखवतो. त्या क्षणी फ्रोडो सुटून अकरा दिवस झालेले असतात, पण टोल्किनने ती सुटका अजून सांगितलेलीच नाही. फ्रोडो पकडला गेला एवढीच वाचकाची शेवटची बातमी, म्हणून गँडाल्फसोबत वाचकाचाही श्वास अडकतो. कथेला उभा-आडवा धागा घालणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा या तक्त्याने शिकवलं.

एक प्रकरण खोलात घ्या

सगळी 62 प्रकरणं सारख्याच बारकाईने वाचणं शक्य नसतं. एक निवडा आणि त्याचा पिच्छा पुरवा. माझं मत विचाराल तर 'हॉबिट'मधलं पाचवं, अंधारातल्या कोड्यांचं.

1937 च्या पहिल्या आवृत्तीत हे प्रकरण वेगळं होतं. तिथला गॉलम, म्हणजे अंगठी ज्याच्याकडे होती तो गुहेतला प्राणी, बराच सभ्य. कोड्यांच्या पैजेत हरलो तर तुला भेट देईन, असं तो बिल्बोला कबूल करतो. ती भेट म्हणजेच अंगठी. हरल्यावर तो खरोखर ती आणायला जातो. ती सापडत नाही (बिल्बोच्या खिशात आधीच आलेली असते), म्हणून तो माफी मागतो आणि त्याबदल्यात बाहेरची वाट दाखवतो. दोघं भांडण न करता निरोप घेतात.

पुढे मोठी कादंबरी लिहिताना अंगठीचं रूप पालटलं. जी अंगठी माणसाचा आत्मा पोखरते ती कुणी पैजेवर लावेल कशी? टोल्किनने प्रकरण नव्याने लिहिलं, ते 1951 च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. आता गॉलम बिल्बोला खायच्या बेतात असतो, अंगठी गेल्याचं कळल्यावर किंचाळत मागे लागतो. अदृश्य बिल्बोच्या हातात तलवार आहे, गॉलम वाट अडवून बसला आहे, आणि बिल्बोला त्याची कीव येते. तो वार न करता त्याच्या डोक्यावरून उडी मारून निसटतो.

आता लेखकाची खरी हुशारी. जुनी आवृत्ती हजारो घरांत होती, तिचं काय करायचं? टोल्किनने ती कथेतच सामावून घेतली: ते बिल्बोने सांगितलेलं खोटं होतं. अंगठीवर आपला हक्क आहे असं दाखवायला प्रामाणिक बिल्बो खोटं बोलला, म्हणजेच अंगठीने त्याला तेव्हाच पकडायला सुरुवात केली होती. मोठ्या कादंबरीच्या प्रास्ताविकात हे आहे, आणि एल्रॉन्डच्या सभेत बिल्बो स्वतः माफी मागून खरी हकिगत सांगतो.

अभ्यास असा करा. डग्लस अँडरसन यांच्या सटीप 'हॉबिट'मध्ये जुना मजकूरही दिला आहे. दोन्ही शेजारी ठेवा आणि बदललेल्या वाक्यांखाली रेघ ओढा. मग ई-बुकमध्ये कीव किंवा दया या अर्थाचा इंग्रजी शब्द शोधा. मोठ्या कादंबरीच्या पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात गँडाल्फ आणि फ्रोडो याच कीवेवर वाद घालताना दिसतात. पुढे फ्रोडोला तोच वाद आठवतो. अखेरीस ज्वालामुखीच्या चढावर सॅमची तलवार उचललेली राहते आणि गॉलमला तो जाऊ देतो. काही मिनिटांत फ्रोडो अंगठी आगीत टाकायला नकार देतो आणि काम गॉलमच्या हातून होतं. 1951 साली बदललेल्या पाच-सहा पानांवर ग्रंथाचा शेवट असा उभा आहे.

शब्दांत आपलंही थोडं भांडवल आहे

टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. रोहन या घोडेस्वारांच्या राज्यातल्या लोकांची नावं त्याने त्या भाषेतून उचलली. राजाचं नाव थिओडेन, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थच राजा. राजाच्या भाचीचं नाव एओविन, त्यातला 'एओ' म्हणजे घोडा. हा शब्द आपल्या 'अश्व'चा दूरचा भाऊ. राजाचा सोनेरी महाल मेडुसेल्ड, म्हणजे मधापासून केलेल्या मद्याचा वाडा, आणि त्यातला 'मेडु' तोच आपला 'मधु'. वर्गात हे मी सांगितलं तेव्हा दोन अमेरिकन सहाध्यायांनी लिहून घेतलं. इंग्रजी उच्चारांची भीड तिथे थोडी कमी झाली. बोलायचं धाडस होत नसेल तर प्रश्न चॅटमध्ये टाका, शिक्षक वाचतात.

गाण्यांसाठी उपाय एकच, मोठ्याने म्हणा. रोहनच्या गाण्यांत शब्दांची आद्याक्षरं एकमेकांना टाळी देतात, ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळतं.

निबंध

बहुतेक कोर्समध्ये शेवटी हजार-दीड हजार शब्दांचा निबंध असतो. 'अंगठी म्हणजे अणुबॉम्ब' हा विषय घेऊ नका. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्किनने रूपककथेबद्दलची नावड स्पष्ट लिहिली आहे. ग्रंथ दुसऱ्या महायुद्धावर बेतलेला नाही, आणि अंगठीची हकिगत सांगणारं दुसरं प्रकरण युद्धाच्या आधीचं आहे, हेही तो बजावतो. वाचकाने आपल्या अनुभवाला ते लावून पाहणं ही वाचकाची मोकळीक, पण रूपककथा म्हणजे लेखकाने ठरवून वाचकावर गाजवलेली हुकमत, असा त्याचा भेद आहे. तो स्वतः 1916 मध्ये सोमच्या लढाईत होता आणि 1918 पर्यंत त्याचे एक सोडून सगळे जवळचे मित्र गेले होते. तरीही युद्धाच्या अंगाने लिहायचं तर मजकुरातली एखादी जागा धरा. मृतांच्या दलदलीचं प्रकरण आहे, घरी परतल्यावर कशातच मन न लागणारा फ्रोडो आहे.

विषय जितका लहान तितका निबंध बरा. 'टोल्किन आणि निसर्ग' यावर पुस्तकं लिहिली जातात. 'सॅमला दिलेल्या मातीच्या डबीचं काय झालं' यावर तुम्ही लिहू शकता.

पाठवण्याची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीची असेल, तर उन्हाळ्यात ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भरते. कॅलेंडरवर तारीख संपलेली दिसत असतानाही हातात एक सकाळ उरते. माझे दोन्ही निबंध त्या सकाळीच पुरे झाले.